स्नायूंतील कॅल्शियमचें कोठार

मूठ मिटावी असें मनांत येतें आणि ती मिटते. उघडावी असें वाटतें आणि ती उघडते. या साध्या क्रियेमागें केवढी यंत्रणा राबत असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मेंदूकडून येणारी आज्ञा विजेच्या लहरीच्या रूपानें येते. प्रत्यक्ष आकुंचन हें प्रथिनांचें काम आहे. या दोहोंची भाषा निराळी. आणि म्हणून दोहोंच्या मध्यें एक निरोप्या लागतो. हा निरोप्या म्हणजे चुन्यांत आणि हाडांत असणारा परिचित धातु, कॅल्शियम. तो केव्हां सोडावा, किती सोडावा आणि किती त्वरेनें परत बोलवावा, यावर पायाचें पाऊल आणि हृदयाचा ठोका हीं दोन्हीं अवलंबून असतात. त्याच्या सुटण्यावरील ताबा गेला तर माणसाचा जीव धोक्यांत येतो.

प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारें एक किलोग्रॅम कॅल्शियम असतें. त्यांतील शेंकडा ९९ भाग हाडांत व दांतांत जखडलेला असतो. स्वस्थ पडलेल्या स्नायुपेशीच्या द्रवांत मोकळें कॅल्शियम इतकें थोडें असतें कीं, पेशीच्या बाहेरील द्रवांतलें प्रमाण त्याच्या सुमारें दहा हजार पट भरतें. धरणाच्या एका अंगास तुडुंब पाणी आणि दुसऱ्या अंगास कोरडें पात्र, अशी ही स्थिति आहे. पेशी हा कोरडेपणा मोठ्या कष्टानें राखते, आणि त्याला कारण आहे. निजानीज झालेल्या घरांत दाराची कडी वाजली तर सर्वांना ऐकूं येते. भर बाजारांत ती कोणाच्याहि कानीं पडत नाहीं. आंतील कॅल्शियम इतकें थोडें असतें म्हणूनच त्यांत होणारी लहानशी वाढ पेशीला आज्ञा म्हणून कळते.

कॅल्शियमचें हें महत्त्व प्रथम उघड झालें तें जवळजवळ अपघातानें. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या रुग्णालयांतील वैद्य सिडने रिंगर हे बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत असत. शरीराबाहेर काढलेलें हृदय मिठाच्या सौम्य द्रावणांत किती वेळ धडधडतें, हें ते पाहत होते. ऊर्ध्वपातित पाण्यांत केलेल्या साध्या द्रावणावर तें बराच काळ चालतें, असें त्यांच्या १८८२ मधील प्रयोगांवरून दिसलें. मागाहून असें कळलें कीं, तें द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचें नव्हतेंच. तें नळाच्या पाण्याचें होतें. खऱ्याखुऱ्या ऊर्ध्वपातित पाण्यांत तेंच मीठ घातलें, तेव्हां हृदय थोड्याच वेळांत दुबळें होऊन थांबलें. लंडनच्या नळाच्या पाण्यांत कॅल्शियमचा अंश होता, आणि हृदय चाललें होतें तें त्याच्या जोरावर. १८८३ मध्यें रिंगर यांनीं ही गोष्ट प्रांजळपणें प्रसिद्ध केली. रुग्णालयांत आजहि शिरेवाटे देण्यांत येणाऱ्या 'रिंगर लॅक्टेट' या द्रावणाला त्यांचेंच नांव आहे.

या प्रयोगांतून एक प्रश्न मात्र शिल्लक राहिला. हृदय हा स्नायुच आहे आणि पायाची पोटरी हाहि स्नायुच. हृदयाला बाहेरचें कॅल्शियम घडोघडीं लागतें. तर मग पायालाहि तें तसेंच लागतें काय? या प्रश्नाचें निःसंदिग्ध उत्तर मिळण्यास जवळजवळ ९० वर्षें जावीं लागलीं. तें समजून घेण्यासाठीं आधीं स्नायूच्या आंत शिरलें पाहिजे.

स्नायु हा केसाइतक्या किंवा त्याहूनहि बारीक अशा लांबट पेशींचा जुडगा असतो. प्रत्येक पेशींत शेंकडों सूक्ष्म दोऱ्या असतात आणि प्रत्येक दोरींत दोन प्रकारचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. जाड धागे मायोसिन या प्रथिनाचे व पातळ धागे ॲक्टिन या प्रथिनाचे. मायोसिनला बाजूंनीं लहान लहान हात असतात. ते ॲक्टिनला धरून ओढतात, सोडतात, पुन्हां पुढें धरून ओढतात. आणि दोर ओढून घेणाऱ्या खलाशांप्रमाणें पेशी आंखडत जाते. विश्रांतीच्या वेळीं ॲक्टिनवरील धरण्याच्या जागा ट्रोपोमायोसिन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूनें झांकलेल्या असतात. या तंतूवर ट्रोपोनिन हें दुसरें प्रथिन पहारा करीत असतें. कॅल्शियमचे कण ट्रोपोनिनला येऊन चिकटले कीं त्याचा आकार किंचित् बदलतो, तंतु बाजूला सरकतो आणि मायोसिनच्या हातांना वाट मोकळी होते.

कॅल्शियम पेशीच्या आंत टोंचून घातलें तर स्नायु आंखडतो, हें अमेरिकेंतील हाइलब्रून व विएर्झिन्स्की यांनीं १९४७ मध्यें दाखविलें. तरी एवढ्या साध्या खनिज कणानें इतक्या गुंतागुंतीच्या यंत्राची किल्ली फिरावी, ही कल्पना अनेक विद्वानांच्या गळीं उतरेना. जपानमधील सेत्सुरो एबाशी यांनीं चिकाटीनें प्रयोग चालू ठेवले आणि १९६५ मध्यें ट्रोपोनिन हुडकून काढलें. कॅल्शियम कोणत्या कुलपांत बसतें हें दाखविल्यावर शंकेला जागा उरली नाहीं.

किल्ली सांपडली, पण ती इतक्या लवकर कुलपापर्यंत येते कशी, हा प्रश्न त्याआधींच पुढें आला होता. विजेची लहर पेशीच्या पृष्ठभागावरून धांवते आणि आकुंचन तर पेशीच्या गाभ्यांतहि होतें. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनीं १९४८ मध्यें गणित करून दाखविलें कीं, एखादा पदार्थ पृष्ठभागाकडून झिरपत झिरपत मध्यापर्यंत जाऊं लागला तर त्याला लागणारा वेळ प्रत्यक्षांत दिसणाऱ्या वेळेहून फार अधिक होतो. स्नायु कांहीं सहस्रांश सेकंदांत जागा होतो. तेव्हां आज्ञा आंत पोंचविणारी एखादी जलद वाट असलीच पाहिजे.

ही वाट एका इटालियन शास्त्रज्ञाने पूर्वींच पाहिली होती आणि जग ती विसरलें होतें. पाव्हिया येथील एमिलियो वेराट्टी यांनीं १९०२ मध्यें स्नायुपेशींना विशिष्ट रंग देऊन त्यांच्या आंत एक नाजूक जाळें पसरलेलें असल्याचीं सुंदर चित्रें काढलीं होतीं. त्यांकडे पुढें कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि तेंच जाळें पुन्हां दृष्टीस पडलें. त्याच सुमारास इंग्लंडमध्यें अँड्र्यू हक्सले व रॉबर्ट टेलर यांनीं कांचेच्या अतिसूक्ष्म नळीचें टोंक पेशीच्या पृष्ठभागावर जागोजाग टेकवून तेवढ्यापुरती किंचित् वीज दिली. पुष्कळ ठिकाणीं कांहींच घडलें नाहीं. ठराविक अंतरावरील ठराविक बिंदूंना स्पर्श झाला, तेव्हां मात्र तेवढाच भाग आंखडला आणि हें आंखडणें आंतल्या बाजूस शिरलें. त्या बिंदूंपाशीं पृष्ठभागाचें आवरण बोटमोज्याप्रमाणें आंत वळून बारीक नळ्या बनतें. विजेची लहर या नळ्यांतून थेट गाभ्यापर्यंत उतरते.

या नळ्यांना लागून दोहों बाजूंस दुसऱ्या पिशव्या असतात. त्या बाहेर उघडत नाहींत. पेशीचें कॅल्शियमचें कोठार तें हेंच. त्याच्या भिंतींत असंख्य पंप बसविलेले असतात आणि ते मोटेच्या बैलांप्रमाणें अखंड राबून पेशीच्या द्रवांतील कॅल्शियम आंत ओढीत असतात. जर्मनींतील हासेलबाख आणि जपानमधील एबाशी यांच्या १९६० च्या आगेमागें झालेल्या संशोधनानें या पंपांचा पत्ता लागला. पंपाला इंधन लागतें तें पेशीचें नेहमींचें, म्हणजे एटीपी हें द्रव्य. एटीपीचा एक रेणु खर्ची पडला कीं कॅल्शियमचे दोन कण कोठारांत जातात. आंत त्यांना धरून ठेवणारें एक निराळें प्रथिन असतें. त्यामुळें थोड्या जागेंत पुष्कळ सांठा राहतो.

कोठार म्हटलें कीं दार आलेंच. नळी आणि पिशवी यांच्यामध्यें मिलिमीटरचा सुमारें एक लक्षांश एवढी फट असते. या फटींत रांगेनें बसविलेले खुंटे १९७० च्या सुमारास क्लारा फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं बारकाईनें पाहिले व त्यांना 'पाय' असें नांव दिलें. ते पाय म्हणजेच कोठाराचीं दारें होत, हें सिद्ध होण्यास एका विषारी झाडाचें साह्य झालें. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतील रायनिया या झाडापासून १९४० नंतरच्या दशकांत एक कीटकनाशक काढण्यांत आलें होतें. त्यांतील विष, रायनोडिन, स्नायूंना ताठ करून मारतें. हें विष पेशींत नेमकें कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटतें याचा शोध घेतां घेतां १९८७ मध्यें तें प्रथिन शुद्ध रूपांत हातीं आलें, आणि तें सूक्ष्मदर्शकांतील 'पायां'शीं तंतोतंत जुळलें. एकेक दार चार सारख्या भागांचें असून प्रत्येक भागांत सुमारें ५००० अमिनो आम्लें असतात. पेशींत कण सोडणाऱ्या ज्या वाटा ज्ञात आहेत, त्यांत इतकें अवाढव्य दार दुसरें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळण्यास हरकत नाहीं. विजेची लहर नळींत उतरली. कोठाराचें दार समोर आहे. मधल्या फटीवरून निरोप जातो कसा? याचें उत्तर पायाच्या स्नायूंत एक आहे आणि हृदयांत दुसरें.

१९७२ मध्यें आर्मस्ट्राँग, बेझानिल्या व होरोविट्झ या संशोधकांनीं बेडकाच्या पायाच्या स्नायुपेशी अशा द्रावणांत ठेवल्या कीं ज्यांतून कॅल्शियम जवळजवळ पूर्णपणें काढून घेतलेलें होतें. विजेचा झटका मिळतांच त्या पेशी कांहीं काळ नेहमींसारख्याच आंखडत राहिल्या. रिंगर यांचें हृदय ज्या उपवासानें थांबलें, त्याच उपवासांत पायाचा स्नायु काम करीत होता. याचा अर्थ असा कीं, पायाच्या स्नायूचें दार उघडण्यास बाहेरच्या कॅल्शियमची गरज नसते. पुढच्याच वर्षीं श्नायडर व चँडलर यांना असें आढळलें कीं, लहर येतांच नळीच्या भिंतींत कांहीं विद्युद्भार जागचे हलतात. नळीच्या भिंतींत एक प्रथिन असतें. वीज कळतांच त्याचा आकार बदलतो आणि तें समोरच्या दाराला प्रत्यक्ष ओढून उघडतें. जणूं खोलींतून दोरी ओढावी आणि अंगणाच्या फाटकाची खिट्टी निघावी, तसाच हा प्रकार होय.

हृदयांत दोरी नसते. तेथें नळीच्या भिंतींतील तसलेंच प्रथिन स्वतः एक लहानसें झरोकें म्हणून उघडतें आणि बाहेरचें थोडें कॅल्शियम आंत घेतें. हें चिमूटभर कॅल्शियम कोठाराच्या दारावर थाप मारतें आणि मग आंतला मोठा सांठा बाहेर पडतो. मोठ्या सस्तन प्राण्यांच्या हृदयांत एका ठोक्याला लागणाऱ्या कॅल्शियमपैकीं बहुतांश कोठारांतून येतें. बाहेरून येणारा वांटा लहान असतो. पण तो लहान वांटा आला नाहीं तर मोठा हलतच नाहीं. बेडकाच्या हृदयांत तर हें कोठार तोकडेंच असतें, आणि त्याचा भार बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवरच मुख्यतः असतो. लंडनच्या नळाच्या पाण्याचा महिमा या कारणानें घडला.

या दोन रीतींचा निर्णायक पुरावा कांहीं दुर्दैवी उंदरांनीं दिला. एका जातीच्या उंदरांत जन्मतःच नळीच्या भिंतींतील प्रथिन नसतें. त्यांचे स्नायु हलत नाहींत आणि पिलें जन्मतांच मरतात. तानाबे, बीम, नुमा आदि शास्त्रज्ञांनीं १९८८ मध्यें अशा उंदरांच्या स्नायुपेशींत त्या प्रथिनाचें जनुक घातलें, तेव्हां त्या पेशी आंखडूं लागल्या. दोन वर्षांनीं त्यांनीं त्याच जागीं हृदयांतील प्रथिनाचें जनुक घालून पाहिलें. पेशी पायाची होती, तरी ती हृदयाप्रमाणें वागूं लागली. बाहेरचें कॅल्शियम काढून घेतांच तिचें आकुंचन थांबलें. दोन्हीं रीतींतील भेद नळीच्या भिंतींतील या प्रथिनांत आहे, हें त्यावरून ठरलें.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. हृदयांत कॅल्शियमच कॅल्शियमला बाहेर काढतें असें असेल, तर एक दार उघडतांच दुसरें, दुसऱ्यानें तिसरें, असें होऊन सारें कोठार एकदम रितें कां होत नाहीं? रक्तदाबाच्या व श्रमाच्या मानानें ठोक्याचा जोर कमीजास्त होतो, तें मग कसें शक्य आहे? १९९३ मध्यें चेंग, लेडरर व कॅनल यांनीं चकाकणारे रंग वापरून जिवंत हृदयपेशींत कॅल्शियमच्या क्षणिक ठिणग्या पाहिल्या. दारें लहान लहान जथ्यांनीं बसविलेलीं असतात आणि जथ्याजथ्यांत अंतर असतें. एका जथ्याचें कॅल्शियम दुसऱ्यापर्यंत पोंचेतों पातळ होऊन जातें. दिवाळींत एकमेकींपासून दूर ठेवलेल्या पणत्यांपैकीं एक पेटली म्हणून शेजारची पेटत नाहीं, प्रत्येकीला निराळी काडी लागते. तसेंच हें आहे. बाहेरून जितकें कॅल्शियम येईल तितके जथे उघडतात, आणि ठोका तितका जोरकस होतो.

या भेदाचा लाभ आज घरोघरीं घेतला जातो. कॅल्शियमची वाट अडविणारीं व्हेरापामिलसारखीं औषधें उच्च रक्तदाबावर आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर देतात. तीं नळीच्या भिंतींतील त्याच झरोक्यावर बसतात. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना बाहेरचें कॅल्शियम लागतें, म्हणून त्यांचा जोर उतरतो. पण हीं औषधें घेणारा मनुष्य जिना चढतांना पांगळा होत नाहीं. कारण पायाच्या स्नायूला झरोक्यांतून येणारें कॅल्शियम नको असतें, त्याला दोरीची ओढ पुरते.

दार उघडण्याइतकेंच महत्त्व तें मिटण्याला आणि सुटलेलें कॅल्शियम परत भरण्याला आहे. लहर ओसरली कीं दारें मिटतात आणि पंप कॅल्शियम पुन्हां कोठारांत ओढतात. हृदयांत बाहेरून आलेला वांटा बाहेरच घालवावा लागतो. तेव्हां मूठ सैल होणें ही निव्वळ विश्रांति नसून तेंहि इंधन खर्चून केलेलें काम आहे. मृत्यूनंतर एटीपी संपतें. पंप थांबतात, कॅल्शियम झिरपत राहतें आणि मायोसिनचे हात ॲक्टिनला धरलेले तसेच राहतात. प्रेत कांहीं तासांत ताठतें याचें कारण हें आहे.

जिवंतपणीं दार मिटलें नाहीं तर काय होतें, याची दारुण साक्ष ऑस्ट्रेलियांतील एका कुटुंबानें दिली. १९६० मध्यें मेलबर्न येथें पाय मोडलेला २१ वर्षांचा एक तरुण रुग्णालयांत आला. त्याला मोडलेल्या पायापेक्षां भुलीची भीति अधिक वाटत होती. कारण त्याच्या घराण्यांतील दहा माणसें ईथरची भूल दिल्यानंतर दगावलीं होतीं. त्याला ईथरऐवजीं हॅलोथेन हें नवें औषध देण्यांत आलें, तरी त्याचा ताप चढूं लागला आणि नाडी धांवूं लागली. भूल तत्काळ थांबवून त्याच्या अंगाला बर्फ लावण्यांत आला आणि तो वांचला. डॉ. मायकेल डेनबरो व लव्हेल यांनीं ही हकीगत त्याच वर्षीं 'लॅन्सेट' नियतकालिकांत प्रसिद्ध केली. हा दोष आनुवंशिक असल्याचें तीवरून वैद्यकीय जगाच्या ध्यानांत आलें.

पुढील संशोधनांत कारण उघड झालें. अशा घराण्यांपैकीं पुष्कळांत कोठाराच्या दाराच्या जनुकांत लहानसा बिघाड असतो. एरव्हीं मनुष्य धडधाकट असतो. परंतु वायुरूप भुलीचीं कांहीं औषधें किंवा सक्सिनिलकोलीन हें स्नायु सैल करणारें औषध मिळालें, कीं त्याचीं दारें उघडीं राहतात. कॅल्शियम वाहत राहतें, स्नायु ताठतात, पंप तें परत ओढण्यासाठीं जिवापाड राबतात, आणि त्या धडपडींत इंधन जळून शरीर तापतें. डुकरांच्या कांहीं जातींत हाच दोष असतो. त्यांच्यावरच १९७५ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील हॅरिसन यांनीं डँट्रोलिन हें औषध गुणकारी ठरविलें. तें दारापाशीं जाऊन कॅल्शियमचा लोट रोखतें. पूर्वीं या विकारांत दहांपैकीं सात-आठ रोगी दगावत. औषध वेळेवर मिळालें तर आज बहुतेक वांचतात. हृदयाच्या कोठाराच्या दारांतहि असे जन्मजात बिघाड असतात. त्यांत श्रमाच्या किंवा भीतीच्या वेळीं कॅल्शियम अवेळीं गळतें आणि एरव्हीं निरोगी दिसणारीं मुलें एकाएकीं कोसळतात. २००१ पासून तेहि जनुकांवरून ओळखतां येऊं लागले आहेत.

भुलीच्या वेळचा हा दोष आईबापांपैकीं एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा असतो. पूर्वीं एकदां भूल निर्वेध पार पडली म्हणून पुढें धोका नाहीं, असेंहि म्हणतां येत नाहीं. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं भूलतज्ज्ञ विचारतात कीं, घराण्यांत कोणाला भूल देतांना कांहीं अपाय झाला होता काय. पुष्कळ घरांत या प्रश्नाला विचार न करतां 'नाहीं' असें उत्तर दिलें जातें. तें देण्यापूर्वीं वडील मंडळींकडे चौकशी करावी हें उत्तम. दोष आगाऊ ठाऊक असेल तर निराळीं, निर्धास्त औषधें वापरतां येतात. आणि कोठाराचीं दारें ज्यांनीं उघडीं पडतात तीं औषधें त्या रोग्याच्या जवळपासहि आणलीं जात नाहींत.